भिंतीवरची खूण

सांगलीत पूर फुटांत मोजतात. पावसाळ्यात दोन सांगलीकर भेटले की पहिला प्रश्न एवढाच असतो, "किती फूट झालं?" कुठं आणि कशाचं, हे सांगावं लागत नाही. कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ पासून उभा आहे आणि गाव त्याच्याजवळच्या आकड्यावर जगतं. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोक्याची. तिसरा एक आकडा नदीकाठच्या घरोघरी पाठ होता, तो २००५ च्या पुराचा: जवळपास ५४ फूट. त्या वर्षी पाणी जिथवर चढलं, तिथं लोकांनी भिंतीवर खूण केली. कुणी खिळा ठोकला, कुणी तेलरंगाची रेघ ओढली. "पाणी इथवर आलं होतं," असं पाहुण्याला दाखवायची ती खूण पुढची चौदा वर्षं घरातल्या माणसांसाठी शब्द दिल्यासारखी झाली. याच्या वर येणार नाही.

ती खूण बुडेपर्यंतचे आणि त्यापुढचे तास इथं क्रमानं मांडले आहेत. मोजणी थांबते गुरुवार, ८ ऑगस्ट २०१९ रोजी सकाळी साडेनऊच्या सुमारास, सांगलीच्या वरच्या अंगाला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ गावाशी.

सहा दिवस आधी. शुक्रवार, २ ऑगस्ट

श्रावण लागला. उन्हाळा भीषण गेला होता. माण, खटाव, आटपाडी, जत या पूर्वेकडच्या पट्ट्यात चारा छावण्यांतून जनावरं जगवावी लागली होती. पाऊसही उशिरा आला. त्यामुळं जुलैच्या अखेरीस घाटमाथ्यावर तो लागून राहिला तेव्हा सातारा-सांगलीत पहिली भावना समाधानाची होती. वर्तमानपत्रात रोज तीन नावं एका ओळीत येतात: कोयना, नवजा, महाबळेश्वर. त्यांच्यापुढचे मिलिमीटरचे आकडे वाढताना बघून शेतकऱ्याला बरं वाटतं. धरण भरतंय, म्हणजे वर्ष निघालं.

कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. वीज, शेती, पिण्याचं पाणी, सगळं त्यावर अवलंबून, म्हणून ते भरू देण्याकडं कल असतो. ते भरत आलेलं असताना घाटावर पाऊस कोसळत राहिला की सहा वक्र दरवाजे उचलण्यावाचून गत्यंतर राहत नाही. कृष्णेवर वाईजवळ धोम, वेण्णेवर कण्हेर, शिवाय उरमोडी, तारळी, आणि वारणेवर चांदोली, या सगळ्या धरणांचं त्या आठवड्यात तेच झालं. धरणांच्या खालच्या अंगाला पडणारा पाऊस तर कुणीच अडवत नाही. तो ओढ्या-नाल्यांनी थेट नदीला मिळतो.

७२ तास. सोमवार, ५ ऑगस्ट, सकाळ

पहिला श्रावणी सोमवार आणि त्याच दिवशी नागपंचमी. त्या दिवशी देशातल्या प्रत्येक टीव्हीवर काश्मीर आणि ३७० कलम होतं. आयर्विन पुलावर नदीनं इशारा पातळी मागं टाकली होती, पण ती बातमी पडद्यावर येईना.

सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोड, दत्तनगर, काकानगर. सांगलीचा पूर या नावांनी सुरू होतो. ही वस्ती नदीच्या पसरण्याच्या जागेत उभी आहे आणि इथल्या माणसांना ते माहीत आहे. त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. टीव्ही माळ्यावर जातो, गॅसची टाकी आणि तांदळाचं पोतं शेजारच्या स्लॅबवर, कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत, म्हातारी माणसं मिरजेच्या नाहीतर विश्रामबागच्या नातेवाइकांकडं. मग स्वतः महापालिकेच्या शाळेत. जवळजवळ दर मोठ्या पावसाळ्यात ही कसरत करणारी माणसं पुराला सगळ्यांत आधी ओळखतात. त्यांना पूररेषेत राहू कुणी दिलं, त्या जागांचे प्लॉट पाडले कुणी, हा प्रश्न खरा आहे. दर पुरात तो विचारला जातो आणि पाणी ओसरलं की मागं पडतो.

त्या सोमवारी वेळ होता, ही यातली सगळ्यांत बोचणारी गोष्ट. कृष्णेचा पूर भूकंपासारखा किंवा दरडीसारखा क्षणात येत नाही. तो तासाला काही इंच चढतो. कोयनेतून सोडलेलं पाणी कराडमार्गे सांगलीला पोचायला साधारण एक दिवस घेतं. म्हणजे सोमवारी कोयनेचे दरवाजे किती वर आहेत हे ज्याला कळलं, त्याला मंगळवारची सांगली बरीचशी दिसत होती. त्या दिवसांत कोयनेतून सुटणाऱ्या पाण्यानं लाख क्युसेकचा टप्पा ओलांडला. लाख क्युसेक, म्हणजे सेकंदाला लाख घनफूट, हा आकडा ऐकायला नुसता मोठा वाटतो. हिशेब केला तर त्या वेगानं एका दिवसात साडेआठ टीएमसीहून जास्त पाणी जातं, अख्ख्या कोयनेचा सुमारे बारावा हिस्सा. आणि ते एकट्या कोयनेचं.

६० तास. सोमवार, रात्र

साताऱ्याच्या बाजूला पूर आधीच पोचला होता. पाटण आणि कराड तालुक्यांत कोयना पात्राबाहेर पडली होती. कोयनाकाठचं तांबवे पाण्यानं वेढलं. कराडला जिथं कोयना कृष्णेला मिळते तो प्रीतिसंगम, यशवंतराव चव्हाणांची समाधी असलेला. एरवी दोन नद्या समोरासमोर येऊन मिळतात ते बघायला तिथं माणसं संध्याकाळी बसतात. आता दोन्ही पाणी एकच झालं होतं.

कराडच्या खाली कृष्णेवर पुराचं पाणी अडवून धरील असं धरण सांगलीपर्यंत नाही. रेठरे, बोरगाव, बहे, ताकारी, भिलवडी, औदुंबर. रात्रीच्या अंधारात त्या पाण्याला उसाच्या रानांशिवाय अडवणारं काही नव्हतं, आणि ऊस पाणी अडवत नाही, फक्त त्यात बुडतो.

४८ तास. मंगळवार, ६ ऑगस्ट, सकाळ

इथं नदीची एक गाठ समजून घ्यावी लागते. सांगलीच्या जरा खाली, हरिपूरला, वारणा कृष्णेला मिळते. आणखी खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. वरून येणारं पाणी पुढं सरकायला जागा हवी, तर पुढं वारणा चढलेली. वारणेला जागा हवी, तर पुढं पंचगंगा कोल्हापूर बुडवून आलेली. त्यामुळं पाणी पुढं जाण्याऐवजी मागं फुगतं. नदी उलटी चालल्यासारखी ओढ्यांतून वर चढते. पूर आला तो नदीकडून, पण सांगलीच्या कित्येक गल्ल्यांत पाणी मागच्या दारानं शिरलं, गटारीतून, नाल्यातून.

त्यापुढं आलमट्टी. कर्नाटकातल्या त्या धरणाची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर, आणि त्याच्या फुगवट्यानं सांगली बुडते असं इथला जवळजवळ प्रत्येक माणूस मानतो. पुढं नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं या पुराला आलमट्टी कारण नसल्याचं सांगितलं आणि अतिवृष्टीवर, नदीपात्रातल्या अतिक्रमणांवर बोट ठेवलं. नदीकाठाला ते पटलं नाही, आजही पटलेलं नाही. मला त्या वादात दोन्ही बाजूंना एक सोय दिसते. आलमट्टीकडं बघत राहिलं की सांगलीतला भराव टाकून बुजवलेला नाला दिसत नाही; आणि अतिक्रमण म्हटलं की धरणांच्या वेळापत्रकांचा मेळ दोन राज्यांनी का घातला नाही, हे विचारायचं राहून जातं.

पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ पाण्याखाली जाऊन बंद पडला. कोल्हापूर तुटलं. दूध अडकलं, पेट्रोल अडकलं, आणि मदतही अडकली.

३६ तास. मंगळवार, रात्र

आता ब्रह्मनाळ.

समर्थ पंचायतनातले आनंदमूर्ती याच ब्रह्मनाळचे. सांगलीकरांना गाव माहीत असतं ते त्यांच्या मठामुळं. गाव कृष्णा आणि येरळेच्या संगमावर आहे. येरळा ही दुष्काळाची नदी. ती उगम पावते सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात, जिथं उन्हाळ्यात टँकर चालतात. वर्षातला बराच काळ तिच्या पात्रात वाळू आणि बाभळी दिसतात. पण कृष्णा चढली की तिचं पाणी येरळेच्या तोंडातून आत शिरतं, आणि गावाला दोन बाजूंनी कवेत घेतं. गावातून बाहेर पडायचे रस्ते सखल भागातून जातात, म्हणून गाव बुडण्याआधी रस्ते बुडतात. घरात पाणी यायच्या कितीतरी आधी गावाचं बेट झालेलं असतं. गावातल्या माणसाला मात्र आपण अजून कोरड्यात आहोत असं वाटत राहतं.

पलीकडं खटाव नावाचंच छोटं गाव आहे; साताऱ्याच्या खटावाशी त्याचा नावापलीकडं संबंध नाही. एरवी सहज जाऊन येण्यासारखं. त्या आठवड्यात मध्ये वाहतं पाणी.

"वेळेत बाहेर का पडला नाहीत," हा प्रश्न नंतर शहरातल्या माणसांनी फार विचारला. उत्तर गोठ्यात होतं. या पट्ट्यात ऊस वर्षातून एकदा पैसे देतो, दूध दर काही दिवसांनी. भिलवडीचं चितळेंचं दूध ज्या गावांमधून जमा होतं, ती हीच गावं. घरातला दावणीला बांधलेला ऐवज दोन-तीन लाखांचा असतो, आणि तो नावेत बसत नाही. माणसं शाळेत राहतील, पण म्हशी कुठं बांधायच्या, वैरण कुठनं आणायची? मग घरातला एक कुणीतरी मागं राहतो. तो राहतो म्हणून बायको राहते, आणि बायको राहते म्हणून पोरं राहतात. शेवटी पाणी गोठ्यात आलं की दावं कापून जनावर सोडून द्यायचं, पोहून कुठंतरी लागेल या आशेवर. ते दावं कापणं ज्यांनी केलं आहे, त्यांच्याशी पुरावर बोलताना हा विषय आपण काढू नये.

आणि अर्थात, २००५. त्या वर्षी पाणी चावडीपाशी आलं होतं की देवळाच्या पायरीपाशी, हे प्रत्येक गावातला जाणता माणूस बोटानं दाखवतो. आयर्विन पुलाचा आकडा सांगलीसाठी आहे. ब्रह्मनाळ, चोपडेवाडी, सुखवाडी, वसगडे यांच्यापाशी स्वतःचा आकडा नव्हता, होती ती भिंतीवरची खूण.

२४ तास. बुधवार, ७ ऑगस्ट, सकाळ

बुधवारी ती खूण बुडाली.

आयर्विन पुलाजवळ २००५ ची पातळी मागं पडली आणि पाणी चढतच राहिलं. या क्षणानंतर सांगलीतल्या कुणाचाही अनुभव उपयोगाचा उरला नाही. सूर्यवंशी प्लॉटातली माणसं शाळांमध्ये सुरक्षित होती. आता फसली ती गावभागातली, मारुती चौकातली, टिळक चौकातली, गणपती पेठेतली, हरभट रोडवरची माणसं. त्यांच्यातल्या कित्येकांकडं पाणी कधी आलं नव्हतं, किंवा उंबऱ्याला शिवून गेलं होतं. व्यापाऱ्यांनी माल उचलून ठेवला होता, २००५ च्या रेघेच्या फूटभर वर. पुढच्या दोन दिवसांत पाणी साडेसत्तावन्न फुटांपर्यंत गेलं. म्हणजे २००५ ला ज्याच्या उंबऱ्याशी पाणी थांबलं होतं, त्याच्या घरात आता मोठ्या माणसाच्या कमरेपेक्षा वर पाणी उभं होतं. फूटभर वर ठेवलेला माल तसाच, रचलेला, पाण्याखाली.

हरिपूरला हळदीची पेवं आहेत. नदीकाठच्या चिवट मातीत खणलेले खोल गोल खड्डे, तोंडाशी अरुंद, आत ऐसपैस. त्यांत ठेवलेली हळद वर्षानुवर्षं किडत नसे. सांगलीच्या हळदीचा लौकिक त्या मातीनं राखला होता. २००५ च्या पुरानं बरीच पेवं निकामी केली होती. उरलेल्यांवर आता पुन्हा नदी आली.

वीज गेली. पाण्याचे पंप बुडाले म्हणून नळ बंद झाले. चहूकडं पाणी आणि प्यायला नाही, हे सांगलीनं त्या दिवशी अक्षरशः भोगलं. मोबाइल एकेक करून विझत गेले. वरच्या मजल्यांवरून माणसं चादरी हलवत होती.

१२ तास. बुधवार, रात्र

एनडीआरएफ, लष्कर, नौदल येत होतं, पण बोटी मोजक्या आणि हाका हजारो. त्यातही शहराला आवाज असतो. शहरातल्या माणसाचा कुणीतरी मुंबईत असतो, पुण्यात असतो, फोन करतो, व्हिडिओ टाकतो. काठावरच्या गावांना तो आवाज नव्हता. त्यांच्याकडं होती ती ग्रामपंचायतीची एखादी बोट, कोळ्याची एखादी होडी, आणि कुठंकुठं गुळाची काहील. उसाचा रस उकळायची ती लोखंडी अजस्र कढई पुरात तरंगवून माणसं न्यायची इथली जुनी रीत आहे.

त्या रात्री काठावरच्या गावांत कुणी झोपलं असेल असं वाटत नाही. पुराच्या रात्री पायरीवर खडूनं रेघ मारतात आणि तासाभरानं बॅटरी लावून बघतात. रेघ दिसली तर जीव खाली बसतो.

३ तास. गुरुवार, ८ ऑगस्ट, पहाट

उजाडलं तेव्हा आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांच्या आसपास होतं. ब्रह्मनाळमध्ये आता थांबण्यात अर्थ नाही हे सगळ्यांना कळलं होतं. आदल्या दिवसापर्यंत नको म्हणणारेही निघायला तयार झाले, आणि एकदम सगळेच तयार झाले. बोट एक. काठावर गर्दी.

या वेळी कुठल्याही गावात जे म्हणतात तेच म्हणतात: आधी बायका-पोरं. म्हातारी माणसं. यात काही चुकीचं नाही. मी काठावर असतो तर मीही तेच म्हटलं असतं. चार फेऱ्यांऐवजी दोनच फेऱ्यांत माणसं निघाली तर बरं, कारण पाणी चढतंय, हेही पटण्यासारखं आहे. बोटीत किती माणसं बसवायची, लाटेत आणि धारेत ती कशी हाकायची, हे ज्यानं ठरवायचं त्याच्यामागं कुठलं प्रशिक्षण नव्हतं, पुढं भांबावलेली माणसं होती. त्याच्या जागी उभं राहून विचार केला की दोष द्यायला बोट उचलत नाही. दोष असलाच तर आधीच्या बहात्तर तासांत शोधावा लागतो, जेव्हा गावाचा रस्ता अजून चालू होता आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून अख्खं गाव बाहेर काढता आलं असतं. येरळेत कृष्णेचं पाणी किती चढलं की ब्रह्मनाळचा रस्ता जातो, एवढी एक खूण गावाच्या वेशीवर खांबाला रंगवलेली असती, आणि तिथं पाणी लागलं की ट्रॉल्या निघायच्या असं ठरलेलं असतं, तर त्या सकाळी बोटीची गरज पडली नसती.

साडेनऊच्या सुमारास

तिसाच्या आसपास माणसं बसलेली बोट ब्रह्मनाळहून खटावच्या दिशेनं निघाली. बुडालेल्या झाडांचे शेंडे पाण्यावर होते. बोटीच्या पंख्यात फांदी अडकली आणि तोल गेला, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. बोट उलटली. पाणी रोजच्या रानावरचं होतं, ज्या वाटेनं ती माणसं दूध घालायला, शाळेला जात होती त्या वाटेवरचं. पण धारेला ओढ होती, आणि लुगड्यात, पोराला कडेवर घेऊन पोहता येत नाही.

गावातल्या पोरांनी उड्या टाकल्या. काही जणांना ओढून काढलं. पहिल्या दिवशी नऊ मृतदेह मिळाले, मग पाणी जसजसं देईल तसतसे पुढचे. सतरा जण गेले. त्यांत बायका आणि मुलं अधिक होती, कारण त्यांनाच आधी बसवलं होतं.

त्यानंतर

पाणी थांबलं नव्हतं. सांगलीत ते आणखी चढून साडेसत्तावन्न फुटांवर टेकलं आणि तिथून उतरायला त्यानं दिवसचे दिवस घेतले. सांगली-कोल्हापुरात मिळून चार लाखांहून अधिक माणसं घराबाहेर होती. बकरी ईदला ती शाळांच्या वर्गांत होती, आणि राखीपौर्णिमा १५ ऑगस्टला आली तेव्हा बरीच जणं घरातला चिखल फावड्यानं ओढत होती. ब्रह्मनाळची बातमी येईपर्यंत हा पूर राज्याच्या लेखी पाण्याचा एक आकडा होता. त्यानंतर बोटी आल्या, ट्रक आले, भाकरी आल्या. सोलापूर-पुण्याहून, कोकणातून, विदर्भातून घराघरांत थापलेल्या भाकरी पोत्यांनी आल्या, आणि त्या पोचवणाऱ्यांचे पाय धरावेत असं वाटण्याचे ते दिवस होते.

२०२१ च्या जुलैत कृष्णा पुन्हा चढली, आयर्विनला ५५ फुटांच्या जवळ गेली. त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळ्यावर दरडी आल्या. सांगलीत त्या वेळी कितीतरी घरं आधीच रिकामी होती. भिंतीवर आता दोन रेघा आहेत. खालची २००५ ची, पुसट. वरची २०१९ ची, कित्येक घरांत दाराच्या चौकटीच्याही वर, आणि ती दाखवताना माणूस हात उंच करतो.